भग्नाकृतींची वृद्धी व संगणकीय आरेखन

ज्या आकृतीचा लहान भाग मोठा करून पाहिला असता तो मूळ आकृतीसारखाच दिसतो आणि जिची मिती सामान्यतः अपूर्णांकात येते, तिला भग्नाकृती किंवा फ्रॅक्टल म्हणतात. कण एकामागून एक चिकटत जाऊन अशा आकृती कशा वाढतात, हा भौतिकीतील एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. थंड प्रदेशातील खिडक्यांच्या काचांवरची हिमाची नक्षी, विजेची शाखायुक्त रेषा, दख्खनच्या बेसाल्टात सापडणाऱ्या अकीकातील शेवाळासारखी नक्षी आणि विद्युत् निक्षेपणात ऋणाग्रावर वाढणारी धातूची ‘झाडे’ ही अशा वृद्धीची परिचित उदाहरणे होत. या विषयात संगणकीय आरेखन हे केवळ निष्कर्ष दाखविण्याचे साधन नसून संशोधनाचे एक उपकरणच आहे.

मिती : एका बिंदूभोवती कण गोळा होऊन भरीव चकती तयार झाली, तर तिची त्रिज्या दसपट होताना कणांची संख्या शंभरपट होते म्हणजे मिती २ असते. सरळ रेषेत ही संख्या दसपटच होते व मिती १ येते. शाखायुक्त पुंजात ती सु. ५१ पट होते म्हणून त्याची मिती सु. १.७१ आहे. पुंज वाढतो तसतसा तो सरासरीने विरळ होत जातो, असा याचा अर्थ आहे.

इतिहास : वृक्षाकार विद्युत् विसर्जनाच्या आकृती जर्मन शास्त्रज्ञ जी. सी. लिख्टेनबेर्ख यांनी १७७७ मध्ये पाहिल्या होत्या. तथापि अशा आकृतींचे मापन करता येईल अशी भूमिती बराच काळ उपलब्ध नव्हती. बन्वा मांडेलब्रॉट (१९२४–२०१०) यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ ही संज्ञा रूढ करून तो मार्ग खुला केला. १९८१ मध्ये टी. ए. विटन व एल. एम. सँडर या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी ‘विसरण-मर्यादित समुच्चयन’ हे प्रतिमान मांडले. १९८४ मध्ये जपानमधील एम. मात्सुशिता व त्यांचे सहकारी यांनी झिंक सल्फेटाच्या विद्रावातून जस्ताची पातळ ‘पाने’ निक्षेपित केली. त्यांची मिती सु. १.६६ भरली. प्रतिमानाला प्रयोगाचा आधार मिळाला तो असा.

वृद्धीची यंत्रणा : विटन–सँडर प्रतिमानात मध्यभागी एक स्थिर बीजकण असतो. दुरून सोडलेला दुसरा कण यादृच्छिक रीतीने भटकत येतो आणि पुंजाला स्पर्श होताच तेथे कायमचा चिकटतो. त्यानंतर पुढचा कण सोडला जातो. बाहेर आलेल्या टोकांना भटकणारे कण आधी भेटतात. त्यामुळे टोके अधिक वाढतात व आतल्या खाचा त्यांच्या आडोशाला राहून रिकाम्याच उरतात. वाढलेल्याने आणखी वाढावे, हेच येथील अस्थैर्याचे मूळ होय. नियम इतका साधा असूनही अंतिम आकृती एखाद्या सूत्रातून मिळत नाही. कणामागून कण सोडूनच ती पाहावी लागते आणि म्हणून हा विषय संगणकावाचून पुढे जाऊ शकला नसता.

आरेखनाचे कार्य : आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ या कार्यक्रमाद्वारे प्रकाशलेखणीने पडद्यावर आकृती काढण्याची व ती तत्क्षणी बदलण्याची सोय केली. परस्परक्रियात्मक आरेखनाचा पाया येथे घातला गेला. वृद्धीच्या अभ्यासात या पद्धतीचे महत्त्व विशेष आहे. कण चिकटण्याची संभाव्यता कमी केली, तर तो आतल्या खाचांपर्यंत पोहोचतो व शाखा जाड होतात. भ्रमणाला एका दिशेचा कल दिला, तर पुंज एका बाजूस वाढतो. असे फेरफार करून त्यांचे परिणाम लगेच पाहता आल्यास कोणता घटक आकृती घडवितो, हे उमगते. दोषही चित्रातूनच लक्षात येतात. चौरस जालकावर लहान पुंज सर्व बाजूंनी सारखे दिसतात. परंतु फार मोठे पुंज काढल्यावर त्यांना चार बाहू फुटलेले आढळले. ही निसर्गाची नव्हे, तर गणनेसाठी निवडलेल्या जालकाची खूण होती.

ज्ञानाचा प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. लोरेन कार्पेंटर यांनी १९८० मध्ये भग्नाकृतींच्या साहाय्याने पर्वतांचे संगणकीय चलच्चित्र तयार केले. थिओडोर किम व मिंग लिन यांनी २००३–०४ च्या सुमारास हिमस्फटिक व वीज यांच्या चित्रणासाठी वृद्धीच्या भौतिकीचाच उपयोग केला.

महाराष्ट्रातील कार्य : दीपक धर यांनी १९७७ मध्ये अपूर्णांक मितीच्या जालकांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी वाळूच्या ढिगाच्या प्रतिमानाचे गणित विकसित केले (१९९०) आणि सहकाऱ्यांसह अशा वाढत्या ढिगांत उमटणाऱ्या नक्षींचा अभ्यास केला. २०२२ चे बोल्ट्समान पदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत. मराठवाड्यात वाय. एच. शेख व सहकाऱ्यांनी विद्युत् निक्षेपणातील भग्नाकृतींच्या वृद्धीचे संगणकीय सदृशीकरण करून पुंजाचा गुरुत्वमध्य कसा सरकतो, याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. सर्व बाजूंनी सारख्या वाढीत गुरुत्वमध्य बीजाजवळच राहतो. तो सरकणे हे एकांगी वाढीचे लक्षण होय. काचेचे पात्र, क्षाराचा विद्राव, एकदिश विद्युत् पुरवठा व साधा संगणक एवढ्या सामग्रीवर या विषयाचे मूलभूत प्रयोग करता येतात. त्यामुळे मोठ्या प्रयोगशाळांपासून दूर असलेल्या महाविद्यालयांच्याही तो आवाक्यात आहे.

मर्यादा व उपयोग : आकृतींतील साम्य हा कारणांच्या साम्याचा पुरावा नव्हे. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरांतून येणारी बिंदुसरा सिंदफणेला व सिंदफणा गोदावरीला मिळते. ओढ्यानाल्यांसह हे जाळे नकाशावर निक्षेपित धातूच्या झाडासारखे दिसते. परंतु ते कण साचून नव्हे, तर पाण्याने खडक व माती झिजवून घडलेले आहे. म्हणून दृश्य साम्याबरोबर मिती, वाढीचा वेग व भौतिक प्रक्रिया यांचीही पडताळणी आवश्यक ठरते.

या अभ्यासाला व्यावहारिक महत्त्वही आहे. विद्युत् घटमाला भारित होत असताना लिथियम धातूच्या शाखा वाढून दुसऱ्या अग्रास भिडल्यास अंतर्गत मंडलसंक्षेप होऊन आग लागण्याचा धोका असतो. शाखा कोणत्या परिस्थितीत फुटतात व कोणत्या परिस्थितीत धातूचा थर सपाट बसतो, हे ठरविण्यास वृद्धीची ही प्रतिमाने उपयोगी पडतात.