धोक्याच्या खेळांचा हिशेब

माणूस आणि जनावर यांना मृत्यूच्या काठावर समोरासमोर उभे करावयाचे आणि तो देखावा सुरक्षित अंतरावरून पाहावयाचा, ही करमणूक फार जुनी आहे. इ. स. ८० मध्ये रोमच्या कलोसियमचे उद्घाटन झाले, तेव्हाच्या खेळांत हजारो जनावरे मारली गेली. महाराष्ट्रीय राजेरजवाडेही या शौकापासून अलिप्त नव्हते. बडोदे आणि कोल्हापूर येथे साठमारीचे आखाडे होते. माजावर आलेल्या हत्तीला माणसे डिवचीत आणि तो अंगावर धावला की भिंतीतील अरुंद दारांतून निसटत.

राजाश्रयाचा हा खेळ तिकिटाच्या बाजारात आणला तो सर्कशीने. मुंबईत आलेली इटालियन सर्कस पाहून विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे (१९०२-१९७३) हिंस्र पशूंचे शिक्षक म्हणून थेट अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत गेले. या माणसांचे धैर्य आणि कसब वादातीत होते. परंतु तिकिटाच्या धंद्याला अर्थशास्त्राचा एक साधा नियम लागू पडतो. तीच वस्तू पुनःपुन्हा भोगली की तिची उपयोगिता घटते. एका वाघाला पाहून दचकलेल्या प्रेक्षकाला पुढच्या खेपेस चार वाघ लागतात. धोका वाढत जातो. त्याची किंमत मात्र तिकीट काढणारा मोजत नाही, पिंजऱ्यातले जनावर आणि त्याच्या समोरचा माणूस मोजतो.

सावदा, फैजपूर, रावेर यांसारख्या खानदेशी बाजारगावांना वाघ-सिंहांची सर्कस क्वचितच परवडणारी. तेथील आठवडे बाजाराची सर्कस म्हणजे दरवेश्याचे अस्वल, माकडवाल्याची जोडी आणि गारुड्याची टोपली. अस्वलाचे दात काढलेले असत आणि नाकातून दोर ओवलेला असे. पाहणारे हसत, पाच-दहा पैसे टाकून केळीचे घड मोजावयास जात.

ही क्रूरता थांबणे अवश्यच होते. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये १४ ऑक्टोबर १९९८ रोजी अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली. १ मे २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. मात्र अधिसूचना पाच जनावरांची नावे सांगून थांबते. त्यांच्यावर पोट भरणाऱ्या माणसांविषयी तिच्यात एक अक्षर नाही. काही स्वयंसेवी संस्थांनी अस्वलवाल्यांना दुसरे व्यवसाय मिळवून दिले. पण ते त्यांचे औदार्य, कायद्याचे कर्तव्य नव्हे. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत दरवेशी जमातीपुढे ‘अस्वलवाले’ हे नाव आजही आहे. अस्वल गेले, नाव उरले.

याच्याशी बैलगाडा शर्यतींचा इतिहास ताडून पाहावा. २०११ मध्ये बैलही त्याच यादीत आला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. गाडामालक संघटित होते, त्यांच्यामागे गावे आणि मते होती. २०१७ मध्ये राज्याने कायदाच दुरुस्त केला आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो वैध ठरविला. अस्वल वन्य आहे आणि बैल घरचा, हा भेद खराच. त्यामुळे दोघांना एकच न्याय लावता येणार नाही. परंतु बैलवाल्याचे म्हणणे विधिमंडळात ऐकले गेले आणि अस्वलवाल्याचे कोठेच ऐकले गेले नाही, याचे कारण तो भेद नव्हे. ज्याला गाव नाही त्याला आवाज नाही, हेच त्याचे कारण होय.

समाजाने एखादी अनिष्ट करमणूक बंद केली, तर त्या सुधारणेचा खर्चही समाजानेच उचलावयास हवा. पिढ्यान्‌पिढ्या तो खेळ पाहून टाळ्या वाजविणारे आपणच होतो. दरवेशी आणि माकडवाले यांच्या मुलांना वसतिगृहाची जागा, कुटुंबाला घरापुरती जमीन आणि जातीचा दाखला विनासायास मिळणे, एवढे तरी या जुन्या देण्यापोटी चुकते व्हावे. तोपर्यंत अस्वलाच्या नाकातील दोर सुटला, असे फार तर म्हणता येईल; दोर धरणाऱ्याची सुटका झाली, असे म्हणता येणार नाही.