गार्डच्या इंटरव्ह्यूला जाताय?

सिक्युरिटी गार्ड म्हणजे नुसतं गेटवर बसायचं, असं समजून इंटरव्ह्यूला गेलात, तर पहिल्याच प्रश्नाला दांडी गुल!

‘रात्री दोन वाजता मीटर रूममधून धूर येतोय, काय कराल?’ इथे शौर्य नको असतं, क्रम हवा असतो. लोकांना सावध करायचं, १०१ला फोन, मग सुपरवायझरला. ‘पाणी मारतो’ म्हणालात की संपलं. विजेची आग आहे ती. एक्स्टिंग्विशरची पिन काढून नळी ज्वाळांच्या शेंड्यावर नाही, बुडाशी धरायची, हेही सांगता यायला हवं.

दुसरा हमखास प्रश्न : ‘चेअरमनचा पाहुणा नोंद न करता आत निघाला तर?’ नम्रपणे थांबवायचं, इंटरकॉमवर विचारायचं, रजिस्टरमध्ये नोंद घ्यायची. वाद घालायचा नाही, नियमही सोडायचा नाही.

आधार, शाळेचा दाखला, फोटो सोबत ठेवा. पोलिस व्हेरिफिकेशन होणारच, त्यामुळे पत्ता खरा सांगा.

आता तुमचे प्रश्न. २००५च्या कायद्याने खासगी सुरक्षा एजन्सीला लायसन्स लागतं, आणि ते ऑफिसात दिसेल असं लावावं लागतं. भिंतीकडे बघा. ड्युटी आठ तास की बारा? पीएफ, ईएसआय भरणार ना? कापून हातात किती येणार? युनिफॉर्मचे पैसे कोणाचे? बिनधास्त विचारा. नोकरीआधीच ‘डिपॉझिट’ मागितलं, तर सरळ उठा. आणि काहीही झालं तरी मूळ कागदपत्रं देऊ नका, झेरॉक्स द्या.