पेव उघडण्यापूर्वी

एखाद्या गोष्टीचा सुकाळ झाला की 'तिचे पेव फुटले' असे आपण म्हणतो. शब्द धान्याच्या धंद्यातला, म्हणून आम्हा धान्यवाल्यांस तो विशेष जवळचा. परंतु भाषेने पेवातील समृद्धी तेवढी ध्यानात ठेवली. पेवात उतरून पुन्हा वर न आलेली माणसे तिच्या स्मरणात राहिली नाहीत. स्मरणिकेसाठी धंद्यातील काही अनुभव लिहावा, असा कार्यकारी मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा तेजीमंदीच्या चार गोष्टी सांगण्यापेक्षा या विसरलेल्या माणसांविषयी लिहावे असे आमच्या मनाने घेतले.

विजापूर, अथणी, जत, मंगळवेढा या काळ्या रानाच्या पट्ट्यात ज्वारी साठविण्याची जुनी रीत म्हणजे पेव. कानडी मुलखात त्यालाच हगेव म्हणतात. उंच जागा पाहून जमिनीत रांजणाच्या आकाराचा खड्डा खणावयाचा, तळाला व कडेने काडाचा जाड थर द्यावयाचा, ज्वारी ओतून वरून पुन्हा काड व माती दाबून तोंड बंद करावयाचे. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढेच. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर व्यापारी जगात प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली.

पेवातील माल टिकतो कसा, याचे उत्तर आपल्या बांधवांस समजण्यास कठीण नाही. उगवण्याची शक्ती असलेला दाणा सचित्त होय, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. विज्ञानही सांगते की साठवलेला दाणा श्वासोच्छ्वास करतो. दाणा आणि त्यातील किडे मिळून बंद पेवातील प्राणवायू संपवितात व कार्बन डाय ऑक्साइड सोडतात. हा वायू हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. प्राणवायू संपला की किडे मरतात आणि धान्य टिकते. म्हणजे जी हवा धान्याला राखते, तीच माणसाला मारते. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो; तो १० टक्क्यांच्या खाली गेला की माणसाची शुद्ध हरपते, आणि त्याहून कमी झाला तर दोन-चार श्वासांतच तो कोसळतो. ओरडण्यासही अवधी मिळत नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले. १९७३ च्या उन्हाळ्यातील गोष्ट. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने मुलूख होरपळला होता व ज्वारीला सोन्याचा भाव आला होता. आमच्या पेढीने एका खेड्यातील जुने पेव मालासकट खरेदी केले. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे. सुटी असल्याने वडिलांबरोबर गेलो होतो. पेवाचे तोंड उघडले की एक-दोन दिवस वारा खेळू द्यावयाचा, मग कंदील सोडून पाहावयाचे, ही त्या गावची रीत. परंतु ट्रक भाड्याने आणलेला, दिवसाचा खोळंबा अंगावर पडणार. वडील म्हणाले, "दिवेलागणीपूर्वी माल हलला पाहिजे." सकाळी तोंड उघडले आणि दुपारी माणूस उतरला.

उतरणारे दोघे सख्खे भाऊ होते. धाकटा टोपले घेऊन आत गेला आणि नमस्काराला वाकावे तसा गुडघ्यांवर बसला, तो पुन्हा हललाच नाही. थोरल्याने वरून दोन हाका मारल्या आणि पटक्याचीही शुद्ध न ठेवता आत उडी घेतली. त्यांचा मेहुणा पाय आत सोडून बसलाच होता, इतक्यात गावातील एका वृद्ध शेतकऱ्याने त्याला मागून मिठी घातली व कानडीत तो ओरडू लागला, "आधी वारा, मग माणूस!" मेहुणा शिव्या देत होता, म्हाताऱ्याच्या हाताला चावत होता, परंतु म्हाताऱ्याने मिठी सोडली नाही. लोकांनी घोंगडी वरखाली करून हवा ढवळली, गळ टाकून दोघांना बाहेर काढले. दोघेही गेले होते. मेहुणा वाचला, आणि दोन्ही घरांची मुले पुढे त्यानेच वाढविली.

वडिलांनी त्या घरी अखेरपर्यंत दरसाल दोन पोती ज्वारी पोहोचविली. हा खर्च कोणत्या खाती टाकावा, असे दिवाणजींनी एकदा विचारले. वडील म्हणाले, "माझ्या नावे लिहा." पेढीच्या जुन्या वह्यांतील ती नोंद आजही आमच्याकडे आहे.

आता बहुतेक पेवे बुजली. परंतु धोका बुजला असे कोणी समजू नये; त्याने रूप तेवढे पालटले. गुदामात अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. पोत्यांची थप्पी तिरपी झाली तर ती माणसावर कोसळते. आणि जेथे धान्य पोत्यांऐवजी मोकळे, उंच पत्र्याच्या कोठारांत साठवितात, तेथे धान्यच माणसाला गिळते. कोठाराचे खालचे दार उघडून धान्य वाहू लागले की त्यावर उभा असलेला माणूस पाच सेकंदांत गुडघ्यापर्यंत रुततो आणि वीस-पंचवीस सेकंदांत दिसेनासा होतो. छातीपर्यंत रुतला तरी धोका तितकाच. तो श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, मोकळ्या झालेल्या जागेत दाणे सरकतात आणि पुढचा श्वास घेणे अवघड होते.

अमेरिकेत शेतोशेती अशी कोठारे आहेत. तेथील पर्ड्यू विद्यापीठ या अपघातांची नोंद ठेवते. एकट्या २०१० साली पन्नासहून अधिक माणसे धान्यात अडकली. त्याच वर्षी जुलै महिन्यात इलिनॉय राज्यातील माउंट कॅरोल येथे मक्याच्या कोठारात चौदा वर्षांचा एक कामगार मुलगा रुतला. त्याला काढण्यास दोन सोबती धावले. त्यांपैकी एकोणीस वर्षांचा मुलगाही गेला. दुसरा छातीपर्यंत रुतलेला होता, तो सुमारे सहा तासांनी जिवंत निघाला. देश निराळा, धान्य निराळे. परंतु थोरल्या भावाने घेतलेली उडी तीच. बंद जागांतील बळींत निम्म्याहून अधिक लोक वाचवावयास गेलेले असतात, असा इशारा अमेरिकेतील एका सरकारी संस्थेने १९८६ सालीच दिला होता.

मग अडकलेल्या माणसाला वाचवावे कसे? जाणकारांची पद्धत थोडक्यात देतो. प्रथम यंत्र बंद करावे व कळीपाशी माणूस उभा करावा, म्हणजे कोणी ती चुकून सुरू करणार नाही. ११२ क्रमांकावर कळवावे. रुतलेल्या माणसाला दोर लावून ओढू नये. धान्याची पकड त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असते व ओढण्याने हाडे-सांधे निखळतात. त्याच्याभोवती फळ्या किंवा पत्रे खोचून आडोसा करावा, म्हणजे नवे धान्य त्याच्यावर येणार नाही. मग आडोशाच्या आतले धान्य उपसावे. तो पूर्ण बुडाला असेल तर अग्निशामक दलाचे लोक कोठाराच्या पत्र्याला सर्व बाजूंनी सारखी भोके पाडून धान्य बाहेर सोडतात. एकाच बाजूने सोडले तर कोठार कलंडते.

पेव किंवा खड्डा असेल तर बाहेरून हवा घालावी, आणि कमरेला पट्टा व दोर बांधल्यावाचून, दोर धरणारे वर उभे असल्यावाचून, कोणीही उतरू नये. तोंडावर ओले फडके बांधून काही साधत नाही. फडके नसलेला प्राणवायू निर्माण करीत नाही. कंदिलाचा जुना उपायही पुरा विश्वासाचा नव्हे. तो विझला तर आत मृत्यू आहे हे खरे. परंतु तो तेवत राहिला म्हणजे आत विषारी वायू नाही असे ठरत नाही, आणि धान्याची बारीक धूळ किंवा फॉस्फिन असेल तेथे ज्योत नेणे म्हणजे स्फोटालाच आमंत्रण. हवेतील प्राणवायू मोजणारे लहानसे यंत्र आता मिळते, ते वापरावे.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमात, विषारी वायूची शंका असलेल्या टाकीत किंवा खड्ड्यात हवा तपासल्याशिवाय अथवा पट्टा-दोराशिवाय कोणास उतरवू नये, असा नियम घातलेला होता. परंतु शेतकऱ्याच्या पेवापर्यंत तो कधी पोहोचला नाही. अमेरिकेतही १९८७ साली धान्यकोठारांसाठी नियम झाले, त्यांतून शेतावरील कोठारे वगळली गेली. कायदा शेताच्या बांधावर थांबतो; त्याच्या पलीकडे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा शब्द चालतो. म्हणून ही जबाबदारी आपली आहे.

आमची मंडळास नम्र सूचना आहे की प्रत्येक बाजारपेठेत एक पट्टा, मजबूत दोर, प्राणवायू मोजण्याचे यंत्र व आडोशाच्या फळ्या सर्वांस माहीत असलेल्या एकाच जागी ठेवाव्यात, आणि वर्षातून एक दिवस हमाल बंधू व अग्निशामक दल यांच्यासह तालीम घ्यावी. खर्च एका ट्रकच्या भाड्याएवढाही व्हावयाचा नाही.

आपण पाणी गाळून पितो, दाण्यातील अळी हलक्या हाताने बाजूला ठेवतो. यालाच आपल्याकडे यत्नाचार म्हणतात, श्वेतांबर बंधू जयणा म्हणतात. अनुकंपेने उडी घेणारा थोरला भाऊ आम्हास वंदनीयच आहे. परंतु त्याच्यावर ती उडी घेण्याची पाळी आली, ती आमच्या घराच्या अर्ध्या दिवसाच्या घाईमुळे. दया उडीच्या क्षणी सुरू होऊन भागत नाही. तिला आदल्या दिवशीच सुरुवात व्हावी लागते. ट्रक उभा राहील, खोळंबा पडेल, भावही कदाचित उतरेल. तो तोटा ज्याने सोसला, त्याच्या वहीत आमच्या वडिलांच्या नावे पडली तशी नोंद कधी पडणार नाही.