चौकीमागचं घर

नागानो (जपान) : जपानच्या खेड्यातली पोलीस चौकी लांबूनही ओळखू येते. दारावर लाल दिवा, आत एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, भिंतीवर परिसराचा मोठा नकाशा. या खोलीला लागूनच मागे स्वयंपाकघर असतं, अंगणात मुलांच्या सायकली असतात, दोरीवर कपडे वाळत असतात. इथला पोलीस ड्युटी संपवून दुसऱ्या गावी घरी जात नाही. तो बायकामुलांसह चौकीतच राहतो. अशा चौकीला इथे 'चुझाइशो' म्हणतात आणि लहानथोर सगळे तिथल्या पोलिसाला 'चुझाइसान' म्हणून हाक मारतात. शहरातल्या 'कोबान' चौक्यांमध्ये मात्र पाळ्या बदलतात. देशभरात दोन्ही मिळून सुमारे 12000 चौक्या आहेत. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास अशा राहत्या चौक्या आहेत.

ही व्यवस्था 1888 सालची. तिच्या मांडणीत प्रशियाहून बोलावलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या सल्ल्याचा मोठा वाटा होता. तेव्हाचा हेतू सरकारची नजर खेड्यापाड्यांत पोचवण्याचा होता. पण माणूस एका गावात संसार थाटून राहिला, की त्याची नजर हळूहळू शेजाऱ्याची होते. नागानोच्या या डोंगराळ भागात मी ते रोज पाहतो आहे.

या कामाचा कणा म्हणजे घरोघरच्या भेटी. चुझाइसान प्रत्येक घरी जातो. घरात कोण कोण आहे, रात्रीबेरात्री काही झालं तर कोणाला कळवायचं, हे एका कार्डावर लिहून घेतो. माहिती द्यायची सक्ती नसते, तरी बहुतेक जण देतात. खरी माहिती मात्र कार्डाबाहेरच मिळते. कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कोणाचा मुलगा टोकियोहून येईनासा झालाय, कोण एकट्यानेच जेवतं, हे उंबऱ्यावर उभ्याउभ्याच कळतं. तो बाहेर असला की आलेल्या माणसाला बसवून घेण्याचं, फोन घेण्याचं काम परंपरेने त्याची बायको करत आली आहे आणि सरकार तिला त्याचा भत्ताही देतं.

या ओळखीचा उपयोग कसा होतो, ते आमच्या भागातल्या चुझाइसानच्या तोंडूनच ऐकलं. किराणा दुकानातून फोन आला. एका आजींनी इनारी सुशीचं पाकीट पिशवीत टाकलं होतं आणि पैसे न देता त्या बाहेर पडल्या होत्या. पाकिटाच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे त्यांच्या बटव्यात होते. चुझाइसानला दोन गोष्टी ठाऊक होत्या : वसंतात त्यांचे यजमान वारले होते, आणि त्यांच्या घरी दुपारी दोन वाजताही खिडक्यांच्या फळ्या बंद असत. त्याने आजींना खुर्ची दिली, चहा दिला, दुकानदाराला बोलावलं. पैसे चुकते झाले, दुकानदाराने तक्रार नको म्हटलं, भाचीला बोलावून तिची सही घेतली आणि प्रकरण तिथेच मिटलं. हे त्याने मर्जीने केलं नाही. माल परत मिळाला किंवा भरपाई झाली, फिर्यादीला शिक्षा नको असली आणि कोणी जवळचं जबाबदारी घ्यायला तयार असलं, तर किरकोळ गुन्हा सरकारी वकिलाकडे न पाठवता पोलिसांनीच मिटवावा, अशी तरतूद इथल्या कायद्यात आहे. दुसऱ्या दिवशी त्याने गावच्या वृद्ध-साहाय्य केंद्राला फोन केला. अशी केंद्रं 2006 पासून देशभर आहेत. आता तिथली एक कार्यकर्ती आजींकडे जाते.

ही गोष्ट एकट्या आजींची नाही. जपानच्या लोकसंख्येत 65 वर्षांवरची माणसं 29 टक्के आहेत. पोलिसांच्या हाती लागणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकी बहुतेकींवर दुकानातून वस्तू उचलल्याचाच आरोप असतो. त्यामागे गरिबी असते, आजार असतो आणि पुष्कळदा निव्वळ एकटेपण असतं.

दुसरं संकट स्मृतिभ्रंशाचं. 2023 साली स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा तशी शंका असलेल्या 19039 माणसांच्या मिसिंगच्या तक्रारी पोलिसांत नोंदल्या गेल्या. बहुतेक जण लवकर सापडतात, पण शेकडो जण मृतावस्थेत मिळतात. आमच्या गावात रोज संध्याकाळी पाच वाजता कर्ण्यांवर मुलांना घरी परतायची आठवण देणारी धून लागते. कधीकधी त्याच कर्ण्यांवरून निवेदन होतं : वय 80च्या पुढे, करडा स्वेटर, पायात रबरी बूट, कोणाला दिसल्यास कळवावं. लोक कामं टाकून बाहेर पडतात. चुझाइसान मात्र अंदाजाने हिंडत नाही. हे आजोबा कुठल्या लाकूड गिरणीत कामाला होते, ते त्याला भेटींतून कळलेलं असतं, म्हणून तो गिरणीच्या जुन्या वाटेने आधी जातो.

जपानी पोलिसांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इथे अटक झालेल्या माणसाला आरोपपत्राआधी 23 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं आणि चौकशीच्या वेळी वकिलाला शेजारी बसू दिलं जात नाही. जपानी वकील संघटनांनी यावर वर्षानुवर्षं टीका केली आहे आणि ती रास्त आहे. उघड्या दाराचीही किंमत मोजावी लागते. 2018 साली तोयामा शहरातल्या चौकीत शिरलेल्या माणसाने तिथल्या पोलिसाचा खून केला. त्यानंतर बंदोबस्त वाढला, पण चौक्यांची दारं लोकांना बंद झाली नाहीत. खेडी ओस पडू लागल्याने राहत्या चौक्या एकमेकींत विलीन होताहेत. जिथे म्हातारी माणसं सर्वांत एकटी आहेत, नेमका तिथूनच पोलीस हलतो आहे, याची मला फार काळजी वाटते.

आपल्याकडे 1967च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीसपाटलाला गावात जागा दिली आहे. तो गावचाच माणूस असतो, घराघराची खबर राखतो. पण त्याच्या हाती अधिकार तुटपुंजे आणि मानधन बेताचं. ज्याच्या हाती अधिकार आहेत, त्या बीट अंमलदाराकडे कितीतरी गावं असतात. वर बंदोबस्त, समन्स, पंचनामे यांचा ससेमिरा असतो, आणि माणसं ओळखीची होईस्तोवर बदली येते. मग लोकांना पोलीस दिसतो तो फक्त भांडणानंतर किंवा मृत्यूनंतर.

पोलिसाच्या अंगी दया असावी, असं आपण भाषणांतून सांगतो. दयाळू हवालदार आपल्याकडेही पुष्कळ आहेत. पण त्या दयेला वेळ लागतो, गावात राहायला घर लागतं आणि किरकोळ चूक शहाणपणाने मिटवायची कायद्याची मुभा लागते. या तिन्ही गोष्टी सरकारला देता येतात. दूरक्षेत्राच्या इमारतीला लागून राहण्याजोगं घर बांधा, त्या पोलिसाला काही वर्षं तिथेच राहू द्या आणि गुन्हा नसताना दारोदार जाणं हे त्याचं काम म्हणून मोजा. पुढच्या ग्रामसभेत निदान ही मागणी तरी कोणीतरी मांडावी, एवढीच वाचकांना विनंती.