प्रोग्रामिंगशी ओळख : कंसात काय लिहायचं?

मागच्या आठवड्यात आपण मेथड लिहिली, पण तिचा कंस रिकामा ठेवला. त्यामुळे कितीही वेळा कॉल केली तरी ती एकच उत्तर देत राहिली. राजोडीच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची घरगुती सोय करणाऱ्याला असली मेथड उपयोगाची नाही. शनिवारी मुंबईहून चार मोठे आणि दोन मुलं येणार, रविवारी नुसतं जोडपं. हिशेबाची रीत तीच, आकडे तेवढे वेगळे. रीत मेथडमध्ये एकदाच लिहायची आणि बदलणारे आकडे कंसातून आत द्यायचे, यासाठी पॅरामीटर असतात.

समजा, मोठ्या माणसाला रात्रीचे १२०० रुपये आणि मुलाला ६००. जावामध्ये मेथडची पहिली ओळ अशी:

इंट भाडे(इंट मोठे, इंट लहान)

'इंट' म्हणजे पूर्णांक. तो शब्द आणि आकडे प्रत्यक्षात इंग्रजी लिपीतच टाइप करावे लागतात. 'भाडे', 'मोठे' अशी आपण ठेवलेली नावं मात्र जावाला देवनागरीतही चालतात, करून पाहा. मेथडच्या आत मोठ्यांना १२००ने गुणायचं, लहानांना ६००ने, आणि दोन्हींची बेरीज परत द्यायची. आता भाडे(४, २) असं कॉल केलं की पहिला आकडा 'मोठे'मध्ये जातो, दुसरा 'लहान'मध्ये, आणि उत्तर येतं ६०००. मेथड लिहिताना कंसात ठेवलेली नावं हे पॅरामीटर. कॉल करताना दिलेले ४ आणि २ ही आर्ग्युमेंट्स.

भाडे(४) लिहिलंत तर कंपायलर अडवेल, कारण एक आकडा कमी आहे. आकड्याच्या जागी अवतरणचिन्हांत 'चार' लिहिलंत तरी अडवेल, कारण प्रकार जुळत नाही. पण घाईत भाडे(२, ४) लिहिलंत तर? दोन्ही पूर्णांक, संख्याही बरोबर. प्रोग्राम मुकाट चालेल, ४८०० सांगेल, आणि घरमालकाचे बाराशे रुपये बुडतील. कंपायलर प्रकार तपासतो, अर्थ तपासत नाही. नवशिक्यांना हे आधी सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. पुस्तकांत मात्र ते बहुधा फार उशिरा येतं.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते नासाच्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर'ने दाखवलं. २३ सप्टेंबर १९९९ रोजी हे यान मंगळाजवळ पोहोचलं आणि कायमचं हरवलं. इंजिनांच्या धक्क्यांचे आकडे एका सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदांत दिले होते आणि ते घेणाऱ्यांनी न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक सुमारे ४.४५ पट. ही देवाणघेवाण फायलींमधून झाली होती, मेथडच्या कंसातून नव्हे. पण दुखणं तेच. आकडा आत गेला, त्याचा अर्थ बाहेर राहिला. म्हणून पॅरामीटरचं नाव 'अंतर' ठेवण्यापेक्षा 'अंतरकिमी' ठेवा.

पायथनमध्ये आणखी एक सोय आहे. तिथे भाडे(लहान=२, मोठे=४) असं नावानिशी देता येतं, मग क्रम उलटा झाला तरी बिघडत नाही. शिवाय मेथड लिहितानाच लहान=० म्हणून ठेवलं, तर जोडप्यासाठी नुसतं भाडे(२) पुरतं. जावात या दोन्ही सोयी नाहीत.

आता अवघड भाग. मेथडच्या आत 'मोठे'मधून एक वजा केला, तर बाहेरचा आकडा बदलेल का? जावात नाही. कॉल होताना व्हॅल्यूची नक्कल आत जाते, मूळ आकडा जागेवर राहतो. हेच अ‍ॅरेच्या, म्हणजे एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या आकड्यांच्या, बाबतीत केलं की गोंधळ उडतो, कारण आत केलेला बदल बाहेरही दिसतो. मग जावा दोन नियम पाळतं का? नाही, नियम एकच. अ‍ॅरेच्या व्हेरिएबलमध्ये खुद्द अ‍ॅरे नसतोच, तो कुठे आहे याची खूण असते. नक्कल त्या खुणेची होते. एकाच घराचा पत्ता दोन चिठ्ठ्यांवर लिहावा, तसं हे. दुसरी चिठ्ठी घेऊन जाणारा घराचं दार रंगवू शकतो, आणि पहिली चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला रंगवलेलंच दार दिसेल. पण दुसऱ्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडून नवा लिहिला, तर पहिल्या चिठ्ठीला त्याचा पत्ताही लागत नाही.

या आठवड्याचा अभ्यास याच भागावर. दोन खोल्यांतल्या पाहुण्यांचा अ‍ॅरे घ्या: ३ आणि ५. तो एका मेथडला द्या. मेथडमध्ये आधी पहिल्या जागी १० ठेवा. मग त्याच पॅरामीटरला ७ आणि ८ असा नवा अ‍ॅरे द्या. शेवटी दुसऱ्या जागी २० ठेवा. मेथड संपल्यावर बाहेरच्या मूळ अ‍ॅरेतले दोन्ही आकडे छापले तर काय दिसेल, ते आधी वहीत लिहा आणि मगच प्रोग्राम चालवा. उत्तराची चर्चा पुढच्या भागात.