नव्या अध्यक्षांकडे हार नको, ठराव न्या

ताईंनो, 2022 मध्ये अमरावती जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली अन् प्रशासक आले. चांदूर रेल्वेचं गाऱ्हाणं मांडायला निवडून दिलेला माणूसच उरला नाही. निवडणूक होऊन नवे अध्यक्ष बसले की नुसता हार घेऊन जाऊ नका. पद अडीच वर्षांचं, त्यातले पहिले महिने तर सत्कारातच जातात!

जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवावे लागतात. शिलाई मशीन, पिठाची गिरणी अशा योजना त्यातूनच होतात. म्हणून महिला व बालकल्याण समितीच्या सभापतींनाही भेटा. तोंडी सांगू नका. प्रभागसंघाचा ठराव घ्या, किती बायांना काय पाहिजे ते आकड्यात लिहा, अर्ज देऊन पोच घ्या. अंदाजपत्रक मार्चमध्ये ठरतं. अर्ज त्याआधी पोचला पाहिजे.