तिरका शिलालेख सरळ करताना
मुक्त सॉफ्टवेअरचे अंतरंग : लेखांक ७

नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातले होट्टल चालुक्यकालीन मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. कंधारला किल्ला आहे, लातूरकडे औसा-उदगीरचे किल्ले आणि खरोशाची लेणी आहेत. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. अशा मुलखात कोरलेला दगड दिसला की आता पहिल्यांदा मोबाइल बाहेर निघतो. पण शिळा भिंतीत बसवलेली असते, समोर खांब असतो, नाहीतर लेख डोक्याच्या वर असतो. समोरासमोर उभे राहून फोटो घेण्याची सोय क्वचितच मिळते. मग खालची ओळ रुंद, वरची अरुंद, आणि आयताकृती शिळा फोटोत समलंब होऊन बसते.

गेल्या आठवड्यात आपण लेयर पाहिले. आज हा फोटो सरळ करणारी साधने पाहू. उदाहरण जिम्प या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरचे घेतो, कारण त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे आणि त्यात घेतलेले निर्णय आपल्याला वाचता येतात. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत फ्लेक्स आणि डीटीपीचे काम करणाऱ्याला 'फ्री ट्रान्सफॉर्म' वेगळे शिकवावे लागत नाही. कोपरा धरला, ओढला, एंटर दाबले. कोपरा ओढल्यापासून एंटर दाबेपर्यंत आत काय घडते, तेच आज समजून घ्यायचे आहे.

चित्र सरकवणे, फिरवणे, लहान-मोठे करणे, तिरके करणे ही वापरणाऱ्याला चार वेगवेगळी कामे वाटतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते एकच काम असते. तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या मॅट्रिक्समधले नऊ आकडे म्हणजे तो संपूर्ण बदल. वरच्या दोन ओळींतल्या सहा आकड्यांत ही चारही कामे बसतात आणि समांतर रेषा समांतरच राहतात. खालच्या ओळीतले पहिले दोन आकडे शून्य नसले, की समांतर रेषा दूर कुठेतरी एकत्र येऊ लागतात. रेल्वेचे रूळ फोटोत जसे दिसतात, तसा हा पर्स्पेक्टिव्ह. नववा आकडा बहुधा १ धरतात. उरले आठ. शिळेच्या चार कोपऱ्यांचे प्रत्येकी दोन अंक धरले की आठ समीकरणे तयार होतात आणि आठही आकडे सुटतात. म्हणूनच या साधनाला चार कोपरे पुरतात. तीन कमी पडले असते, पाचव्याची गरज नाही.

मॅट्रिक्सचा दुसरा गुण याहून मोलाचा आहे. आधी फिरवले, मग ताणले, मग तिरके केले, तर तीन मॅट्रिक्सचा गुणाकार करून एकच मॅट्रिक्स मिळते. क्रम मात्र पाळावा लागतो, कारण फिरवून ताणणे आणि ताणून फिरवणे यांचे उत्तर सारखे येत नाही. हा गुणाकार चालू असतो तोवर चित्राच्या एकाही पिक्सेलला धक्का लागलेला नसतो.

धक्का लागतो तो यानंतर. मॅट्रिक्स तयार झाले की प्रत्येक जुना पिक्सेल उचलून नव्या जागी ठेवायचा, असे कुणालाही वाटेल. तसे केले तर नव्या चित्रात मध्ये मध्ये भोके पडतात. काही जागी दोन-दोन पिक्सेल येऊन बसतात, काही जागी एकही पोचत नाही. म्हणून हिशेब उलटा करतात. पंगतीत वाढप्याने अंदाजाने वाढत सुटण्याऐवजी प्रत्येक पत्रावळीनेच 'माझा वाटा कुठे आहे?' असे विचारावे, तसा नव्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल मागे वळून 'मी जुन्या चित्रात कुठे होतो?' असे विचारतो. त्यासाठी मॅट्रिक्सचा व्यस्त काढतात. एकही जागा रिकामी राहत नाही.

पण उत्तर नीट पूर्णांकात येत नाही. समजा उत्तर आले ८७.३ आणि ५२.६. अशा जागी पिक्सेल नसतोच. तो ८७ वर असतो किंवा ८८ वर. मग भोवतालच्या चौघांकडून अंतराच्या प्रमाणात रंग घ्यावा लागतो. इथे त्यांचे वाटे ०.२८, ०.१२, ०.४२ आणि ०.१८ असे येतात, बेरीज १. डावीकडचे दोन पिक्सेल उजळ दगडाचे, १८० तेजाचे, आणि उजवीकडचे दोन अक्षराच्या खोबणीतले, ४० तेजाचे असतील, तर नवा पिक्सेल १३८ होतो. हा १३८ दगडावर कुठेच नव्हता, खोबणीतही नव्हता. गणिताने तो जन्माला घातला. बारा मेगापिक्सेलच्या फोटोत ही क्रिया सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेलवर होते, तीही लाल, हिरव्या आणि निळ्यासाठी वेगवेगळी.

एकदा झाले तर डोळ्याला फारसे कळत नाही. पण आधी पाच अंश फिरवले, एंटर. मग जरा ताणले, एंटर. मग पर्स्पेक्टिव्ह, एंटर, असे केले की १३८ चे पुन्हा मिश्रण होते आणि त्याचेही पुन्हा. अक्षराची कड प्रत्येक वेळी मऊ पडत जाते. लग्नाच्या अल्बममध्ये ते खपून जाईल. झिजलेल्या दगडावर अनुस्वार आहे की नुसता खळगा, असा प्रश्न असेल तेव्हा खपत नाही.

म्हणूनच मला जिम्पच्या युनिफाइड ट्रान्सफॉर्म साधनाचे महत्त्व फार वाटते. मिकाएल मॅग्नुसन यांनी २०११ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये त्यावर काम केले. चौकटीच्या बाहेर धरले की चित्र फिरते, आत धरले की सरकते, कडेच्या मुठींनी ताणते किंवा तिरके होते, कोपऱ्याच्या छोट्या शंकरपाळ्यासारख्या खुणेने पर्स्पेक्टिव्ह येतो. सगळे एकाच चौकटीवर. बहुतेकांना हे सोयीसाठी केले आहे असे वाटते. सोय आहेच, पण सर्व हालचाली एका मॅट्रिक्समध्ये साठवल्या जातात आणि पिक्सेलला शेवटी एकदाच हात लागतो, हा त्याचा खरा फायदा. स्थिर आवृत्तीत ते सामान्य वापरकर्त्याच्या हाती पडायला २७ एप्रिल २०१८ चे २.१० उजाडावे लागले. मधल्या काळात जिम्पचे आतले इंजिन बदलून गेगल बसवले जात होते. जुन्या जिम्पमध्ये प्रत्येक रंगाला २५६च छटा होत्या, प्रत्येक हिशेबानंतर आकडा त्यांपैकी एकात कोंबावा लागे. २.१० मध्ये ३२ बिटांच्या अपूर्णांकांत काम करता येऊ लागले. सात वर्षे लांब वाटतात, पण पाया न बदलता वरची खोली बांधली नाही हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

याच साधनांच्या पर्यायांत 'इंटरपोलेशन' नावाची एक यादी असते. आपल्याकडे तिला कुणी हात लावत नाही. 'लिनिअर' म्हणजे वर केलेला चौघांचा हिशेब. 'क्युबिक' सोळा शेजाऱ्यांना विचारतो, त्यामुळे कड धारदार राहते. पण कडेला लागून एक उजळ किंवा गडद किनारही उमटू शकते. त्या किनारीला हॅलो म्हणतात. शिलालेखात हॅलो धोक्याचा, कारण छिन्नीची बारीक रेघ आणि गणिताने उमटवलेली रेघ पडद्यावर सारखीच दिसते. कॅनडातले गणितज्ञ निकोलस रोबिदू यांनी यावर बरेच काम केले. जिम्पमधले 'नोहॅलो' आणि 'लोहॅलो' हे दोन पर्याय त्या कामातून आले. शिळेसाठी मी नोहॅलोच सुचवेन.

आता प्रत्यक्ष शिळेकडे. पर्स्पेक्टिव्ह साधनात दिशेचा पर्याय असतो. तिथे 'करेक्टिव्ह' निवडले की चित्राऐवजी जाळी ओढायची असते. जाळीचे चार कोपरे शिळेच्या चार कोपऱ्यांवर नेऊन ठेवले, की तो समलंब आयत होतो. हे झटपट जमते. मात्र मूळ शिळा किती उंच आणि किती रुंद, हे साधनाला ठाऊक नसते. ते आपल्या फोटोच्या चौकटीचे प्रमाण तिच्यावर लादते. अक्षरे सरळ दिसतात, पण बुटकी किंवा लांबुडकी होतात. अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवू पाहणाऱ्याला ही दिशाभूल परवडणार नाही. म्हणून फोटो घेतानाच टेपने शिळेची लांबी-रुंदी मोजावी आणि फोटोत शिळेशेजारी मोजपट्टी ठेवावी. समजा माप ६० बाय ९० सेंटिमीटर आले. तर दोनास तीन प्रमाणाच्या मार्गदर्शक रेघा आखाव्यात आणि 'हँडल ट्रान्सफॉर्म' वापरावे. त्यात आपणच मुठी लावायच्या असतात. एक मूठ लावली तर चित्र नुसते सरकते, दोन लावल्या तर फिरते आणि लहान-मोठेही होते, तिसरीने तिरके होते, चौथीने पर्स्पेक्टिव्ह मिळतो. चार मुठी शिळेच्या चार कोपऱ्यांवर रोवून एकेक मूठ रेघांच्या छेदबिंदूवर नेली, की प्रमाणही बरोबर आणि पिक्सेललाही एकदाच हात.

मोबाइलही याच तत्त्वाने वागतो. फोन उभा धरून फोटो काढला तर बहुतेक फोन पिक्सेल फिरवत बसत नाहीत. फाइलच्या एक्झिफ माहितीत 'हे चित्र अमुक बाजूने पाहावे' एवढी नोंद करतात. जिम्पमध्ये अशी फाइल उघडली की चित्र फिरवायचे का, असे तो विचारतो, ते यामुळे.

या वाटेवर क्रिटा हे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर पुढे गेले. त्यात २०१५ पासून ट्रान्सफॉर्म मास्क आहे. बदल मुखवट्यासारखा लेयरवर चढतो, खालचे चित्र जसेच्या तसे राहते, आणि वर्षभरानंतरही मुखवटा उघडून कोपरा हलवता येतो. जिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये आले. त्यात फिल्टर असे मागाहून बदलता येण्याजोगे झाले, पण कोपरे ओढून केलेला बदल एंटर दाबताच चित्रात मुरतो. तिथे अजून करण्यासारखे आहे. विष्णुपुरीच्या श्री गुरु गोविंद सिंहजी अभियांत्रिकी संस्थेतल्या किंवा लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनातल्या विद्यार्थ्याने हा कोड उघडून पाहावा. तो सी भाषेत आहे, आणि त्यातले मॅट्रिक्स अभ्यासक्रमातलेच आहे. साधन वापरायला शिकायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात जिम्पचे धडे आहेत, मराठीतही.

शिळांचे फोटो जमवणाऱ्या तरुणांना एक आग्रहाची विनंती. कॅमेऱ्यातली मूळ फाइल कधीही खोडू नका, सरळ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. कोणत्या आवृत्तीत, कोणत्या साधनाने, कोणत्या इंटरपोलेशनने आणि किती मापावर ती सरळ केली, हे चार शब्दांत सोबत लिहा. वाचनावर उद्या वाद झाला तर दुसऱ्याला त्याच पायऱ्यांनी मूळ फोटोपासून तिथपर्यंत येता आले पाहिजे. कोड खुला असल्याने प्रत्येक पायरीचा हिशेब तपासता येतो. झाकलेल्या सॉफ्टवेअरने स्वतःहून 'सुधारलेल्या' चित्राबाबत ती खात्री देता येत नाही.

हे सगळे सपाट दगडापुरते झाले. लेख गोल खांबाभोवती वळत गेला असेल तर चार कोपरे आणि नऊ आकडे पुरत नाहीत, कारण तिथे सरळ रेघच सरळ राहत नाही. त्यासाठी जिम्पमध्ये केज नावाचे साधन २०१२ च्या २.८ आवृत्तीत आले. त्यामागचे गणित २००८ मधले, 'ग्रीन कोऑर्डिनेट्स' या नावाचे. ते पुढच्या आठवड्यात.